मातीचं सैन्य आमच्या लेण्यात कोरलेलं नाही

पाडव्याला गुढी उभारून, कडुनिंबाचं पान चावून फोन हातात घेतला की तो मजकूर आलेला असतोच. माहेरच्या ग्रुपवर मावसभाऊ टाकतो, सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी टाकतात, आणि संध्याकाळपर्यंत शाळेतल्या दोघी-तिघी मैत्रिणी 'तुझ्या नाशिकचं आहे, वाच' म्हणून पुन्हा मलाच पाठवतात. मजकूर थोडक्यात असा: पैठणला कुंभाराच्या घरी वाढलेल्या शालिवाहनानं मातीचं सैन्य करून त्यात प्राण फुंकले, म्हणजे मरगळलेल्या समाजाला जागं केलं. त्यानं उज्जैनच्या विक्रमादित्याला नर्मदेपार हटवलं. रानटी शकांचा देशातून समूळ नाश केला. त्या विजयाच्या दिवशी, इ.स. ७८ च्या चैत्र शुद्ध प्रतिपदेला, स्वतःचा शक सुरू केला. हाच राजा गौतमीपुत्र सातकर्णी, आणि हे सगळं नाशिकच्या पांडवलेण्यात कोरलेलं आहे. इंग्रजांनी मात्र ते दडवलं.

मी पाथर्डी फाट्याजवळ राहते. गच्चीवर गेलं की त्रिरश्मीचा डोंगर समोर दिसतो. त्या पायऱ्या किती वेळा चढले असेन याची मोजदाद नाही. म्हणून 'पांडवलेण्यात कोरलेलं आहे' हे वाक्य मला सोडून देता येत नाही. तिथं जे कोरलंय ते वाचता येतं, त्याचे अर्थ लावले गेलेत, आणि ते या मजकुरापेक्षा कितीतरी जास्त मोलाचं आहे.

आधी तेच घेऊ. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला देवीचं लेणं म्हणतात, पडवीच्या मागच्या भिंतीवर एक मोठा प्राकृत लेख आहे. तो राजानं कोरवून घेतलेला नाही. त्याच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, मुलगा गेल्यावर, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी कोरवून घेतला. हे लेणं तिनं डोंगरावरच्या भिक्षूंना दान दिलं, आणि दानपत्र लिहिता लिहिता मुलाचं वर्णन केलं. त्यात मातीचं सैन्य नाही. कुंभार नाही. विक्रमादित्य नाही. 'शालिवाहन' हा शब्दही नाही. आहे ते 'सातवाहनकुलयसपतिथापनकर', सातवाहन कुळाचं यश पुन्हा प्रस्थापित करणारा. म्हणजे कूळ आधीपासून होतं, मध्यंतरी त्याची पडझड झाली होती आणि यानं ते उभं केलं. कुणाच्या अंगणात सापडलेलं पोर नव्हे हे. त्याला राजवाडा होता, आणि पुढे नातवाच्या राज्यात स्वतःला महाराजाची आई व महाराजाची आजी म्हणवणारी आई होती.

लोककथेत शालिवाहनाचा बाप शेषनाग असतो. लेण्यातल्या लेखात नाग एकदाच येतो: राजाचे बाहू नागराजाच्या विळख्यासारखे पुष्ट आणि लांब होते, असं आई म्हणते. पूर्णचंद्रासारखा चेहरा, अभय देताना सोडलेल्या पाण्यानं सतत ओला असणारा हात. आणि 'अविपनमातुसुसूसाक', आईच्या सेवेत कधी खंड न पाडणारा. हा शब्द वाचला की प्रत्येक वेळी मी थांबते. इतकी सगळी विशेषणं दरबारी कवीकडून घेता येतील, पण हे एक त्या बाईच्या मनातलंच असणार असं मला वाटतं.

आता मातीचं सैन्य. माझ्या आजीनं ही गोष्ट मला सांगितली होती आणि मी ती माझ्या मुलाला सांगितली. अंगणात मातीचे हत्ती-घोडे करून खेळणारा पोरगा, त्यांच्यावर पाणी शिंपडताच हलायला लागणारं सैन्य. गोष्ट म्हणून ती अप्रतिम आहे, आणि एका कारागिराच्या घरून राजा उठतो ही त्यातली कल्पना लोकांनी शेकडो वर्षं जपली ती उगाच नाही. कुंभारवाड्यातल्या कुणाचाही अभिमान मला कमी करायचा नाही. माझा आक्षेप आहे मजकुरातल्या त्या 'म्हणजे'ला. 'मातीत प्राण फुंकले म्हणजे मरगळलेल्या समाजाला जागं केलं' असं म्हटलं की गोष्टीची जादूही जाते आणि इतिहासही हाती लागत नाही. कथेत प्राण म्हणजे प्राणच आहेत. मरगळलेला समाज कुठून आला? पहिल्या-दुसऱ्या शतकातलं गोदाकाठचं जग मरगळलेलं नव्हतं. ज्या डोंगराचा मजकुरात उल्लेख आहे त्याच डोंगरावर विणकरांच्या श्रेणी, म्हणजे व्यवसायाचे संघ, ठेवी घेऊन व्याज देत होत्या, याचा लेख आहे. तो पुढे येईलच.

शक आणि सातवाहन यांच्या लढाईमागे काय होतं, याचा धागा पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या माहितीपुस्तकात, पेरिप्लसमध्ये, सापडतो. त्यात लिहिलंय की कल्याण बंदर पूर्वी खुलं होतं, पण नंतर तिथं अडथळे आले. तिथं येणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, असंही त्यात आहे. म्हणजे घाटावरचा माल कोणत्या बंदरातून बाहेर जाणार आणि त्याची जकात कोण खाणार, हा झगडा होता. सोपारा आणि कल्याणहून घाट चढून वर येणाऱ्या वाटा नाशिक आणि जुन्नरच्या अंगानं जातात. या दोन्ही ठिकाणी शकांचे लेख आहेत, आणि दोन्ही ठिकाणं सातवाहनांना परत हवी होती. आजही कसारा उतरताना ट्रकांची रांग पाहिली की मला ते आठवतं.

विक्रमादित्याचा मुद्दा चटकन संपतो. विक्रम संवत इ.स.पूर्व ५७ पासून मोजतात, शालिवाहन शक इ.स. ७८ पासून. मधे १३५ वर्षं जातात. ज्यानं पहिला संवत सुरू केला त्यालाच दुसऱ्या शककर्त्यानं रणात हरवलं, हे कथेत चालतं, कालगणनेत चालत नाही. मजकूर लिहिणाऱ्यानं हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नाहीत.

'शकांचा समूळ नाश' या वाक्यावर मात्र थांबायला हवं, कारण इथं मजकूर अर्धा खरा आहे आणि म्हणूनच फसवा आहे. बलश्रीच्या लेखात 'सकयवनपल्हवनिसूदन', शक, यवन आणि पल्हवांचा संहार करणारा, हे आहेच. पण त्याच्या थोडं पुढे नेमकं काय आहे ते पाहा: 'खखरातवसनिरवसेसकर'. क्षहरात वंश निःशेष करणारा. क्षहरात हे शकांमधलं एक घराणं, नहपान राजाचं. ते संपलं, आणि त्याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात मातीतून वर आला. १९०६ साली जोगलटेंभीला, दारणा गोदावरीला मिळते त्या भागात, चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,२५० च्या आसपास नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यातल्या ९,२७० वर गौतमीपुत्राचा शिक्का पुन्हा मारलेला. नहपानाचा चेहरा आणि त्याच्या नावाची अक्षरं खालून डोकावतात, वरून सातवाहनांची डोंगराची खूण आणि गौतमीपुत्राचं नाव. राजानं नाणी वितळवली नाहीत. बाजार चालू राहावा म्हणून तीच नाणी आपली करून पुन्हा चलनात सोडली. मातीच्या हत्तींपेक्षा मला ती नाणी जास्त चित्तथरारक वाटतात.

पण बाकीचे शक? ते कुठंही गेले नाहीत. कार्दमक घराण्याचा चष्टन उज्जैनला बसला. टॉलेमी हा ग्रीक भूगोलकार त्याला तिथंच दाखवतो आणि पैठणला 'सिरी पोलेमाइओस', म्हणजे आपला श्री पुळुमावी. चष्टनाचा नातू रुद्रदामन. त्याचा जुनागढचा लेख शक ७२ चा, इ.स. १५० चा. त्यात तो सांगतो की दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोनदा उघड लढाईत जिंकलं, पण जवळचं नातं असल्यानं त्याचा उच्छेद केला नाही. नातं कोणतं? कान्हेरीला वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख असलेला लेख आहे, आणि त्यात तिला महाक्षत्रपाची, म्हणजे शक राजाची, मुलगी म्हटलंय. ज्यांचा 'समूळ नाश' झाला म्हणतात त्यांच्याशी सोयरीक झाली होती. हे क्षत्रप पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत गुजरात-माळव्यात राज्य करत राहिले.

आणि 'रानटी'? दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात जा. तिथं नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे, लेख आहेत. त्याची बायको दक्षमित्रा, नहपानाची मुलगी. तिचाही लेख तिथंच. उषवदात स्वतःच्या दानांची यादी देतो: तीन लाख गाई, भडोच, दशपूर, नाशिकजवळचं गोवर्धन आणि सोपारा इथं धर्मशाळा, तळी, विहिरी, बागा. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, डहाणुका या नद्यांवर फुकट नावा. नानंगोळ गावी बत्तीस हजार नारळाची झाडं. पावसाळ्यात भरलेली नदी पार करायची म्हणजे काय असतं हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना फुकट नावेचं मोल सांगावं लागणार नाही. त्यानं ३,००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. २,००० दरमहा शेकडा एक दरानं, १,००० दरमहा शेकडा पाऊण दरानं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज २४० होतं, आणि लेखात म्हटलंय की लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यावेत. हिशेब जुळतो. अशा माणसाला शत्रू म्हणा, परका म्हणा. गौतमीपुत्राला तो शत्रूच होता. रानटी म्हणायला पुरावा नाही.

इथं मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. गौतमीपुत्रानं गोवर्धन जिंकल्यावर हा लेख छिन्नीनं उडवला नाही. नव्या राजाला ते एका दिवसाचं काम होतं. उषवदाताचे शब्द आजही तिथं वाचता येतात, आणि काही पावलांवर बलश्रीचं लेणं आहे, ज्याचे खांब-मुखदर्शन त्याच दहाव्या लेण्याच्या धर्तीवर कोरले आहेत. आईच्या लेखातलं एक विशेषण आहे: 'कितापराधे पि सतुजने अपानहिसारुचि'. अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेण्याची ज्याला आवड नव्हती. स्तुतीतलं विशेषण म्हणून ते बाजूला ठेवता आलं असतं, पण न उडवलेला तो लेख बघितला की मला ते खरं मानावंसं वाटतं.

आता शक, पाडवा आणि इ.स. ७८. सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचा मुद्दा हाच, कारण पंचांगाच्या पहिल्या पानावर आपण 'शालिवाहन शके' वाचत मोठे झालो. पण सातवाहन राजांनी स्वतः हा शक कधी वापरलाच नाही. त्यांचे लेख त्या-त्या राजाच्या राज्यवर्षानं मोजतात: गौतमीपुत्राचं १८ वं, २४ वं, पुळुमावीचं १९ वं, २२ वं. ज्यानं स्वतःचा शक सुरू केला त्याचा सख्खा मुलगा तो शक न वापरता आपली वर्षं पहिल्यापासून मोजतो, हे कसं जमायचं?

त्याहून बारीक गोष्ट तारखेत आहे. बलश्रीच्या लेखाची तारीख अशी: संवत्सर १९, 'गिम्हाण पखे बितीये', उन्हाळ्याच्या दुसऱ्या पक्षातला तेरावा दिवस. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन ऋतू आणि त्यांचे पक्ष अशी ही मोजणी. महिन्याचं नाव नाही, शुद्ध-वद्य नाही. मग त्या डोंगरावर महिना आणि तिथी कुणाच्या लेखात आहे? उषवदाताच्या. 'वैशाख मास' तिथं आहे, 'कार्तिक शुद्ध पंधरा' तिथं आहे. म्हणजे आपल्या पंचांगासारखी तारीख त्या लेण्यांत लिहिणारा माणूस शकांचा जावई आहे, आणि सातवाहन राजा ऋतूंवर मोजतोय. चैत्र शुद्ध प्रतिपदेला विजय मिळाला असं या डोंगरावरचा एकही लेख म्हणत नाही.

मग ७८ ची गणना कुणाची? पश्चिम क्षत्रपांनी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली. चष्टनाचे कच्छमधल्या अंधौचे लेख ११ आणि ५२ या वर्षांचे, रुद्रदामनाचा ७२ चा, पुढे त्यांच्या नाण्यांवर वर्षं. पूर्वी कुषाण राजा कनिष्कानं ती सुरू केली असं मानत; आता अनेक अभ्यासक चष्टनाकडे बोट दाखवतात. नहपानाच्या लेखांतली ४१ ते ४६ ही वर्षं याच गणनेची की त्याच्या राज्याची, यावर वाद आहे, आणि त्यामुळे गौतमीपुत्राचा काळ काहीजण पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात तर काहीजण दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात धरतात. पहिल्या शतकाचं मत धरलं तर तो ७८ च्या सुमाराला राज्य करत होता असंही निघेल. तरी काय? गणना तो वापरत नाही, त्याचे शत्रू वापरतात.

बदामीच्या तिसऱ्या लेण्यात चालुक्य मंगलेशाचा लेख आहे. इ.स. ५७८ चा. त्यात काळ असा दिलाय: शकनृपतीच्या राज्याभिषेकाला पाचशे वर्षं झाली असता. शक राजाच्या राज्याभिषेकाला, शकांच्या पराभवाला नव्हे. पाचशे वर्षांनंतरही दख्खनच्या राजाला हे ठाऊक होतं. 'शालिवाहन' हे नाव या गणनेला जोडलेलं दिसतं ते थेट तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास. तोवर पैठणच्या सातवाहनाच्या गोष्टी घरोघर पोचल्या होत्या, आणि गणनेतला 'शक' कोण हे लोक विसरले होते. मराठीत तर 'शक' म्हणजेच कालगणना असा अर्थ रूढ झाला. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला तेव्हा त्या शब्दात परक्या टोळीची आठवणही उरली नव्हती. गोष्टीतल्या राजाला रिकामं सिंहासन दिसलं आणि लोकांनी त्याला तिथं बसवलं. त्यात कुणाचा लबाडपणा नव्हता. आजही भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत, जी १९५७ मध्ये चैत्र १८७९ पासून लागू झाली, तीच गणना आहे. गुढी मी उभारते, पुढेही उभारीन. सण जुना आहे आणि नव्या वर्षाचा आहे, त्याला रणांगणाचा दाखला लागत नाही.

'इंग्रजांनी दडवलं' हे वाचून तर वाईट वाटतं, कारण त्यात आपलीच माणसं पुसली जातात. नाशिकचे लेख वाचण्यात भाऊ दाजी लाड होते. पंडित भगवानलाल इंद्रजींनी या लेण्यांवर केलेलं काम १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये छापलं आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला तेव्हा हेच लेख त्यांच्यासमोर होते. वा. वि. मिराशींनी सातवाहन आणि पश्चिम क्षत्रपांचे लेख मराठीत, अर्थासह आणले. ग्रंथालयात जाऊन मागायची खोटी आहे. आणि जे दडवायचं ते डोंगरावर तिकीट काढून कुणालाही बघता येतं, ते दडवलं कसं?

राहतो तो प्रश्न, की हे सगळं काढून घेतल्यावर राजाकडे उरतं काय. मी म्हणते, खरा कारभार उरतो. बलश्रीच्याच लेण्यात गौतमीपुत्राचे स्वतःचे दोन आदेश कोरलेले आहेत. पहिला १८ व्या वर्षाचा, विजयी सेनेच्या तळावरून गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला पाठवलेला. युद्ध नुकतं झालंय, आणि राजा लिहितो शेताबद्दल: अपरकखडी गावातलं, आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना दिलं आहे, त्या शेतात सरकारी माणसांनी शिरायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही.

दुसरा आदेश २४ व्या वर्षाचा. या वेळी राजाबरोबर राजमातेचंही नाव आहे, 'जीवसुता', जिचा मुलगा जिवंत आहे ती. अमात्य श्यामक याला कळवलंय की भिक्षूंना आम्ही पूर्वी कखडी गावात दिलेलं शेत कसलं जात नाही आणि ते गावही वसत नाही. असं असेल तर नगराच्या शिवेवर आमच्या मालकीचं जे राजकीय शेत आहे, त्यातलं १०० निवर्तनं या भिक्षूंना द्या. सहा वर्षांपूर्वीचं स्वतःचं दान कागदावरच राहिलं हे कुणीतरी राजापर्यंत पोचवलं, राजानं ते मान्य केलं, आणि दुरुस्ती दगडात कोरली गेली. याच्या पुढे तेच नियम, शिरायचं नाही, हात लावायचा नाही. आणि शेवटी नोंद आहे की आज्ञा तोंडी दिली होती, लेख लोटा नावाच्या प्रतिहारीनं तयार केला. राजाच्या दारावरची ती बाई. तिचं नाव डाव्या हाताला वर, जरा मान उंचावून बघितलं की अजून वाचता येतं असं मी मुलाला दाखवायला गेले, तेव्हा मला नेमकी ओळ सापडेना; लेणं बंद व्हायची वेळ झाली तरी तो भिंतीजवळ उभा राहून एकेक अक्षर लावत होता.